टस्कनीची खतावणी

पिसाचा झुकता मनोरा पाहायला आलेली गर्दी शेजारच्या कांपोसांतोत फारशी शिरत नाही. ते कब्रस्तान आहे. चारी बाजूंनी लांबच लांब ओवऱ्या, मध्ये हिरवळ आणि भिंतींवर १९४४ च्या तोफांच्या माऱ्यात होरपळलेली, नंतर चिकाटीने पुन्हा उभी केलेली चित्रं. तिथे लिओनार्दो पिसानोचा, म्हणजे फिबोनाचीचा, संगमरवरी पुतळा आहे. पुतळा एकोणिसाव्या शतकातला, त्यामुळे चेहरा शिल्पकाराच्या कल्पनेतला. माणूस मात्र खरा आणि आपल्या ओळखीच्या वाटेवरचा. त्याचे वडील पिसाच्या व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी म्हणून आजच्या अल्जीरियातल्या बुजिया बंदरात होते. मुलाने हिशेब शिकावा म्हणून त्यांनी त्याला तिकडे बोलावून घेतलं आणि तिथे त्याची गाठ भारतीयांच्या नऊ आकड्यांशी आणि शून्याशी पडली. १२०२ साली त्याने ‘लिबेर अबाची’ लिहिला. सशांच्या जोड्यांचं कोडं त्यातलंच, पण ग्रंथाचा मोठा भाग मालाचे भाव, चलनबदल आणि भागीदारीतल्या नफ्याची वाटणी यांतच गुंतलेला आहे. आपले आकडे युरोपात रुळले ते बाजाराच्या वाटेने.

तेही सहजासहजी नाही. १२९९ मध्ये फ्लोरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वहीत हे आकडे लिहायला बंदी घातली. शून्याला शेपूट जोडलं की सहा होतो, नऊ होतो. तेव्हा रक्कम अक्षरांत लिहा, असं त्यांचं म्हणणं. चेकवर आकड्यांखाली अक्षरी रक्कम लिहिताना आपणही तोच संशय पाळत असतो.

पिसाच्या स्टेशनाजवळच्या कॅफेत मी थेट काउंटरवर कॉफी मागितली, तर तिथल्या बाईंनी गल्ल्याकडे बोट दाखवलं. आधी पैसे, मग पावती, ती पावती काउंटरवर ठेवायची आणि मगच कॉफी. आपल्याकडे अमृततुल्यात उभ्याउभ्या चहा होतो, दोन गप्पा होतात आणि निघताना ‘किती झाले?’ विचारलं की मालक चार जणांचा हिशेब तोंडी सांगून मोकळा होतो. इथे घोटभर कॉफीचीही चिठ्ठी फाडली जाते आणि ती हातात आली की समोरच्या माणसाच्या कपाळावरची आठी जाते. कागद पाहिला की माणूस मोकळा हसतो, हे टस्कनीत पुढेही अनेकदा दिसलं.

सिएनात संध्याकाळी सगळं गाव कांपोवर उतरतं. शिंपल्याच्या आकाराचा, एका बाजूला उतरत गेलेला हा विटांचा चौक. पांढऱ्या दगडी रेघांनी त्याचे नऊ भाग केले आहेत, कारण तो बांधला गेला तेव्हा गावाचा कारभार नऊ जणांच्या मंडळाकडे होता. बसायला बाकं नाहीत. आजोबा, कॉलेजातली मुलं, बाबागाडी घेऊन आलेली जोडपी, सगळी दिवसभर तापलेल्या विटांवर बसतात किंवा लोळतात. त्यानंतर हळूहळू गल्ल्यांतून फेरी सुरू होते. कुठे जायचं नसतं. व्यवस्थित कपडे करून चालायचं, ओळखीच्यांना थांबून भेटायचं आणि दिसायचं, एवढंच. आपण फिरायला निघालो की चौपाटी, टेकडी, निदान देऊळ तरी गाठतो. यांची फेरी आपल्याच गावातून आपल्याच गावात.

मी उतरलो होतो त्या घरच्या मालकीणबाई सत्तरीच्या. त्यांच्या दारावर त्यांच्या मोहल्ल्याचं चिन्ह होतं. सिएनात असे सतरा मोहल्ले, प्रत्येकाचा झेंडा, कारंजं, चर्च आणि संग्रहालय वेगळं. वर्षातून दोनदा, २ जुलै आणि १६ ऑगस्टला, कांपोवर घोड्यांची शर्यत होते तेव्हा यांच्यातली जुनी वैरं उफाळून येतात. नवरा दुसऱ्या मोहल्ल्याचा असल्यामुळे शर्यतीच्या दिवसांत तो आपल्या आईकडे राहायला जायचा, असं बाईंनी सांगितलं. ‘मग चौथ्या दिवशी परत यायचा,’ त्या म्हणाल्या, ‘जिंकला असेल तर पाचव्या.’

त्यांच्याकडचा पाव अळणी होता. टस्कनीचा पाव असाच असतो, पिठात मीठ नाही. खारवलेलं मांस आणि जुनं चीज यांच्या सोबतीने खाल्लं की त्याचा अळणीपणा कळेनासा होतो. मी मांस खात नाही हे कळल्यावर बाईंनी भांडभर रिबोल्लिता पुढे केलं. पांढरी घेवड्याची बी, काळसर कोबी, कांदा, गाजर आणि शिळ्या पावाचे तुकडे यांचं हे सूप एकदा शिजवून पुन्हा दुसऱ्या दिवशी उकळायचं. वरून कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार. पाव शिळा झाला की सूपमध्ये, त्याहून शिळा झाला की टोमॅटोच्या रश्श्यात, उन्हाळ्यात भिजवून काकडी-कांद्याबरोबर. टाकायचा मात्र नाही. या मुलुखाने संगमरवरावर आणि सोन्याच्या वर्खावर जेवढा खर्च केला, तेवढाच ताटातला पाव वाचवला. दोन्ही गोष्टी एकाच स्वभावातल्या वाटतात.

त्या स्वभावाचं चित्र कांपोवरच्या नगरभवनात आहे. नऊ जणांच्या सभागृहाच्या भिंतींवर आंब्रोजो लोरेंझेत्तीने १३३८-३९ मध्ये चांगला आणि वाईट कारभार रंगवला. त्या काळातल्या भिंतींवर सहसा देव, संत आणि देवदूत असायचे. इथे एक शहर आहे. मचाणावर गवंडी भिंत रचताहेत, चांभार दुकानात बसला आहे, मास्तर पोरांना शिकवतो आहे, रस्त्यात नाच चालला आहे. वेशीबाहेर शेतकरी डुक्कर हाकत गावाकडे निघाला आहे. समोरच्या भिंतीवर जुलमाला शिंगं आहेत, न्याय पायाशी बांधलेला पडला आहे आणि शेतं ओसाड आहेत. चांगल्या बाजूला चोवीस नागरिक एकच दोर हातात धरून चालले आहेत आणि एकोप्याच्या देवतेच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे: कोणी फार वर आला, तर तासून सारखा करायला. हे चित्र पाहायचे कोण, तर दोन-दोन महिन्यांसाठी निवडलेले कारभारी. मान वर केली की आपल्या निर्णयांचे परिणाम भिंतीवर.

गावाच्या जुन्या दप्तरखान्यात याहून लहान चित्रं आहेत. सिएनाच्या खजिन्याचा हिशेब दर सहा महिन्यांनी बंद व्हायचा आणि त्या वहीला लाकडी पुठ्ठा घालायचे. १२५८ पासून हे पुठ्ठे रंगवून घ्यायची रीत पडली. सुरुवातीच्या पुठ्ठ्यांवर खजिनदार बसलेला आहे. हे काम पुष्कळदा मठातल्या साधूकडे दिलं जाई, कारण त्याला बायकापोरं नाहीत, म्हणून लोभ कमी. पुढे पुढे त्यावर लग्नं, भूकंप, लढाया येऊ लागल्या. लोरेंझेत्तीसारख्या चित्रकाराने हिशेबवहीचं मुखपृष्ठ रंगवावं, यात कुणालाच कमीपणा वाटला नाही.

मग १३४८ चा प्लेग आला. सिएनाचं कथीड्रल जगातल्या सगळ्यात मोठ्या देवळांत गणलं जावं म्हणून त्याचा नवा भाग १३३९ मध्ये सुरू झाला होता. त्याची एक अवाढव्य भिंत आजही उघडी उभी आहे, मागे छप्पर नाही, पुढे दार नाही. प्लेगमध्ये अर्ध्याच्या आसपास गाव गेलं. त्यानंतर लोरेंझेत्तीचाही माग लागत नाही. त्या भिंतीवर चढता येतं. वरून लाल कौलं आणि पलीकडे गव्हाच्या, द्राक्षांच्या टेकड्या दिसतात, बऱ्याचशा चित्रातल्यासारख्याच.

त्याच प्लेगमध्ये प्रातो गावातल्या एका खानावळवाल्याच्या घरातली बहुतेक माणसं गेली. वाचलेल्या मुलांतला फ्रांचेस्को दातीनी पंधराच्या आसपासचा असताना थोडेसे पैसे घेऊन आव्हिन्योंला निघून गेला. तिथे तेव्हा पोपची गादी होती. त्याने चिलखतं विकली, मग कापड, मीठ, धार्मिक चित्रं, जे खपेल ते. १३८३ मध्ये तो परतला तेव्हा लक्षाधीश होता. पुढे पिसा, जेनोवा, बार्सिलोना, वालेन्सिया, मायोर्का इथे त्याच्या पेढ्या उभ्या राहिल्या.

त्याचं घर प्रातोत अजून आहे. बाहेरच्या भिंतींवरची चित्रं उन्हापावसाने पुसट झाली आहेत. १८७० मध्ये या घराच्या जिन्याखालच्या जागेत पोत्यांत भरलेले कागद सापडले. दीड लाखाच्या आसपास पत्रं, पाचशेहून अधिक खतावण्या, शिवाय हुंड्या, विम्याचे करार, चेकचे अगदी आरंभीचे नमुने. कितीतरी वह्यांच्या माथ्यावर देवाचं आणि नफ्याचं नाव एकाच ओळीत आहे. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कोऱ्या वहीवर कुंकवाने ‘श्री’ काढून ‘शुभ-लाभ’ लिहितात, त्यामुळे त्या ओळीपुढे मी परका नव्हतो. फरक पुढच्या पानांत होता. दातीनीच्या वह्यांत हळूहळू प्रत्येक व्यवहार दोनदा लिहिला जाऊ लागतो, एकदा नावे आणि एकदा जमा. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर चूक आपोआप ओरडून उठते. ही पद्धत पुढे १४९४ मध्ये लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने व्हेनिसात छापली आणि युरोपभर गेली. मालक शेकडो मैलांवर असताना मुनिमावर विश्वास कसा ठेवायचा, या प्रश्नाचं ते उत्तर होतं.

या कागदांत फक्त व्यापार नाही. दातीनीची बायको मार्गेरीता हिची पत्रंही त्यात आहेत. सुरुवातीला ती लेखनिकाला सांगून लिहवून घेई. तिशी ओलांडल्यावर स्वतः लिहायला शिकली आणि मग नवऱ्याला, तुम्ही रात्र रात्र पत्रं लिहीत बसता, प्रकृतीचं काय, असं ठणकावू लागली. तिला मूल झालं नाही. दातीनीला मात्र घरातल्या लुचिया नावाच्या गुलाम बाईपासून मुलगी झाली. तिला मार्गेरीताने आपल्या घरात वाढवलं आणि हुंडा देऊन तिचं लग्न झालं. गुलाम हा शब्द मी चुकून लिहिलेला नाही. प्लेगनंतर नोकर मिळेनात, तेव्हा १३६३ मध्ये फ्लोरेन्सने ख्रिस्ती नसलेल्या माणसांना गुलाम म्हणून आणायला परवानगी दिली. पुढच्या तीस वर्षांच्या एका सरकारी वहीत साडेतीनशेहून अधिक विक्रीच्या नोंदी आहेत. बहुतेक बायका आणि मुली, बहुतेक तातार. वय, रंग, अंगावरच्या खुणा, किंमत. अक्षर सुबक.

प्रातो आजही कापडाचं गाव आहे. जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून नवं सूत काढण्यात इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या तरबेज. तटाबाहेर पडलं की पिस्तोयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाट्या चिनी होतात. वेंझोउ भागातून आलेली हजारो कुटुंबं इथे तयार कपडे शिवतात. एका दुकानात वाफाळते मोमो खाल्ले, भाज्या घातलेले. गल्ल्यावरची पोरगी माझ्याशी इंग्रजीत, आजीशी चिनीत आणि गिऱ्हाइकांशी अस्सल टस्कन इटालियनमध्ये बोलत होती. शेजारच्या इटालियन आजोबांनी चिनी लोकांबद्दल तक्रारीचा सूर लावला. मग त्यांनीच आपल्या नातवाला तिथून नूडल्स बांधून घेतले. २०१३ च्या डिसेंबरात इथल्या एका शिलाई कारखान्याला आग लागली आणि आतच राहणारे सात चिनी कामगार मेले. स्वस्त कपड्याच्या किमतीत ही रक्कम कुठल्या बाजूला मांडायची, हा प्रश्न प्रातोला नवा नाही.

फ्लोरेन्सला तो १३७८ मध्येच पडला होता. तिथे एकवीस व्यावसायिक संघ होते आणि संघात नाव असेल तरच राज्यकारभारात भाग. लोकर पिंजणाऱ्या, धुणाऱ्या हजारो मजुरांना, म्हणजे चोंपींना, संघच नव्हता. त्या उन्हाळ्यात त्यांनी नगरभवन ताब्यात घेतलं आणि आपला संघ मागितला. काही आठवडे तो मिळालाही, मग मोडला गेला. चोंपींच्या नावाचा एक लहानसा चौक शहरात आहे. तिथून जवळच्या सांत आंब्रोजोच्या मंडईत मी सवयीने पीच दाबून पाहायला हात पुढे केला, तर भाजीवाली ‘हात नाही लावायचा, मी देते ना!’ म्हणाली. आमच्या मंडईत गिऱ्हाईक टोमॅटो निवडतं, इथे विकणारी निवडते. आज खायचे की उद्या, हे मात्र विचारून.

शाळेच्या पुस्तकात आम्ही पाठ केलं होतं की १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, विद्वान ग्रंथ घेऊन इटलीत पळाले आणि प्रबोधनाला सुरुवात झाली. फ्लोरेन्सच्या रस्त्यांवर ती तारीख टिकत नाही. बार्जेल्लो संग्रहालयात शेजारी शेजारी दोन ब्राँझचे पत्रे आहेत. १४०१ मध्ये बाप्तिस्मागृहाच्या दारांसाठी कापडव्यापाऱ्यांच्या संघाने स्पर्धा लावली, त्यात गिबेर्ती आणि ब्रुनेलेस्की यांनी केलेले हे नमुने. विषय एकच, अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघालेला. ब्रुनेलेस्कीचा अब्राहाम अंगावर येतो, गिबेर्तीचं काम रेशमी. काम गिबेर्तीला मिळालं. त्याच्या पत्र्याला ब्राँझही बरंच कमी लागलं होतं आणि व्यापाऱ्यांच्या मंडळाला तराजू वाचता येत होता. ब्रुनेलेस्की पुढे कथीड्रलच्या घुमटाकडे वळला. १४२० ते १४३६, चाळीस लाखांहून अधिक विटा, खालून लाकडी आधार न लावता. ४६३ पायऱ्या चढताना घुमटाच्या दोन कवचांमधून जावं लागतं आणि तिरक्या, एकमेकींत अडकवलेल्या विटांना हात लागतो. हे काम राजाच्या हुकमाने झालं नाही. लोकरव्यापाऱ्यांच्या संघाची समिती, तिच्या बैठका, तिची बिलं, तिची भांडणं, यांतून तो घुमट वर चढला.

आर्नो नदी ओलांडून कार्मिने चर्चमध्ये गेलं की मासाच्चोची चित्रं दिसतात. एका चित्रात कर वसूल करणारा येशूपुढे हात पसरून उभा आहे आणि पलीकडे पीटर माशाच्या तोंडातून नाणं काढतो आहे. माणसं जाड पायांची, सावली पाडणारी, जमिनीवर खरंच उभी असलेली. मासाच्चो हे रंगवत होता त्याच सुमाराला, १४२७ मध्ये, मिलानशी लढून रिकामा झालेला खजिना भरायला फ्लोरेन्सने नवा कर आणला. प्रत्येक कुटुंबाने आपली घरं, शेतं, माल, येणी-देणी आणि खाणारी तोंडं लिहून द्यायची. दर तोंडामागे दोनशे फ्लोरिनची सूट. साठ हजार कुटुंबांचे, सुमारे अडीच लाख माणसांचे तपशील असे गोळा झाले. श्रीमंताने किती भरायचं हे शेजाऱ्यांच्या मर्जीवर न ठेवता मालमत्तेवर ठरवायचं, ही तेव्हा धक्कादायक गोष्ट होती. मासाच्चोचाही जबाब आहे. घरात आई आणि धाकटा भाऊ, जागा भाड्याची, देणी बरीच. पुढच्या वर्षी तो रोममध्ये वारला, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा.

हा संघांचा आणि समित्यांचा कारभार फार काळ चालला नाही. मेदिची घराण्याने पेढी चालवता चालवता शहर चालवायला घेतलं, १५३२ मध्ये ते ड्यूक झाले. उफ्फीत्सी, जिथे आज बोत्तीचेल्लीच्या चित्रांपुढे रांगा लागतात, ती १५६० मध्ये त्यांच्या सरकारी कचेऱ्यांसाठी सुरू केलेली इमारत. सान लोरेंझोतल्या त्यांच्या समाधिमंदिरात रंगीत दगडांचं जडावकाम आहे, डोळे दमवणारं. असलंच काम मी आधी जुन्या गोव्यात पाहिलं होतं. बॉम जेझू बासिलिकात संत फ्रान्सिस झेविअरची पेटी ज्या चौथऱ्यावर आहे, तो मेदिची घराण्याच्या तिसऱ्या कोसिमोने दिला. फ्लोरेन्सच्या फोज्जीनी या शिल्पकाराने तो घडवला आणि १६९८ मध्ये तो गोव्यात उभा राहिला. काम अप्रतिम आहे. फक्त घुमटाच्या समितीसारखं भांडण त्यामागे नाही. एकाने मागवलं, एकाने दिलं.

समितीचं फ्लोरेन्स मला शेवटी भेटलं ते अनुन्त्सियाताच्या चौकात. तिथे ओस्पेदाले देल्ली इन्नोचेन्ती आहे, टाकून दिलेल्या मुलांचं घर. पातळ खांबांवरच्या गोल कमानी, ब्रुनेलेस्कीच्याच. वर निळ्या मातीच्या चकत्यांत दुपट्यात गुंडाळलेली बाळं. १४१० मध्ये दातीनी मेला तेव्हा त्याने बहुतेक सगळी संपत्ती प्रातोच्या गरिबांसाठी ठेवली आणि एक हजार फ्लोरिन फ्लोरेन्समध्ये असं घर उभारायला दिले. रेशीमवाल्यांच्या संघाने १४१९ मध्ये बांधकाम सुरू केलं. ५ फेब्रुवारी १४४५ ला पहिलं मूल आलं. मुलगी होती, नाव ठेवलं आगाता. कॉन्स्टँटिनोपल अजून आठ वर्षं पडायचं होतं.

आत संग्रहालय आहे. छोटे कप्पे ओढले की आत एकेक वस्तू: अर्धं तोडलेलं नाणं, अर्धा बिल्ला, मण्यांची माळ. दुसरा अर्धा आईकडे, पुढेमागे परत न्यायला आली तर ओळख पटावी म्हणून. प्रत्येक मुलाचं नाव, अंगावरचे कपडे, सोबतची खूण आणि कोणत्या गावच्या दाईला दूध पाजायला किती पैसे दिले, हे वहीत आहे. अनेक मुलं गुलाम आणि मोलकरणींची, मुलग्यांहून मुली जास्त, आणि कित्येक वर्षी अर्ध्याहून अधिक मुलं वर्षभरातच गेलेली. तेही वहीत आहे. मूल गुपचूप ठेवायची खिडकी १८७५ मध्ये बंद झाली. त्याच्या बारा वर्षं आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. त्यांच्यामागे रेशीमवाल्यांचा संघ नव्हता, उलट शेजारपाजार विरोधात होता. म्हणून त्या दोघांचं मोल मला इथे अधिक कळलं.

दातीनी दानशूर होता, असं मी म्हणणार नाही. व्याजावर चर्चची नजर, डोक्यावर म्हातारपण, शिवाय आत्म्याची काळजी करणारा नोटरी मित्र. त्याने देवाशी खातं मिटवलं. फ्लोरेन्सचे लोकही इतरांहून भले नव्हते, हे त्यांच्याच वह्या सांगतात. नवं काही होतं ते इतकंच, की त्यांनी विकलेली बाई आणि वाचवलेलं मूल दोन्ही एकाच शिस्तीने लिहून ठेवलं. लिहिलेलं कुणीही, कधीही उघडून विचारू शकतं. चोंपींना ते विचारता आलं नाही, मार्गेरीताला थोडंफार आलं, आगाताला तर नाहीच. त्यांच्या वतीने आज कुणीही विचारू शकतं. आधुनिक समाज जिथून सुरू झाला असं आपण म्हणतो, तिथे मला घुमटाआधी हे दिसतं: आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हाताने, सुबक अक्षरात, तारखेसह लिहून ठेवणारी माणसं.